तिसऱ्या मंगलाष्टकापर्यंतचा गुरुजी

मी आजवर साठ-पासष्ट लग्नं लावली आहेत. त्यातलं एकही पूर्ण झालेलं नाही.

यात माझा दोष नाही. मी पडद्यावरचा गुरुजी, आणि मालिकेतलं लग्न हे लागण्यासाठी नसतंच, थांबण्यासाठी असतं. सोमवारी मेंदी, मंगळवारी हळद, बुधवारी नवरीच्या वाटेत कोणीतरी तेल सांडून ठेवतं, गुरुवारी मी पाटावर येतो आणि शुक्रवारी तिसऱ्या मंगलाष्टकाला दार धाडकन उघडून कोणीतरी ओरडतं, "थांबा! हे लग्न होऊ शकत नाही." दिग्दर्शकाने मला आधीच समजावलेलं असतं, "काका, तिसऱ्या 'सावधान'ला तोंड तसंच उघडं ठेवायचं, मान हळूच उचलायची आणि दाराकडे बघायचं. तुम्ही बघितलं की कॅमेरा तिकडे जाणार." मग तो 'कट' म्हणेपर्यंत मी तोंड उघडं ठेवून दाराकडे बघत राहतो. (एकदा कट म्हणायचं राहूनच गेलं आणि सगळे जेवायला गेले. मी वीस मिनिटं दाराकडे बघत होतो. नंतर सगळ्यांनी माझ्या एकाग्रतेचं कौतुक केलं, पण तोवर बटाट्याची भाजी संपली होती.)

तसा मी नुसता गुरुजी नाही. गेली पस्तीस वर्षं मी चरित्र अभिनेता आहे. चरित्र अभिनेता म्हणजे ज्याचा चेहरा सगळ्यांना माहीत असतो आणि नाव फक्त घरच्यांना. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन चष्मा काढणारा डॉक्टर मी. सगळं संपल्यावर जीपमधून उतरणारा इन्स्पेक्टर मी. छातीवर हात ठेवून सोफ्यावर कोसळणारा मुलीचा बापही मीच. रस्त्यात लोक अडवतात, "अहो, तुम्ही ते... ते हे ना?" मी म्हणतो, "हो, तोच." त्यांचंही समाधान होतं, माझंही.

मुलुंडला आमच्या सोसायटीत माझा मान सध्या कोणती मालिका चालू आहे त्यावर ठरतो. मी डॉक्टर असलो की तळमजल्यावरचे एक काका लिफ्टमध्ये मला जीभ काढून दाखवतात. मी इन्स्पेक्टर असलो की पार्किंगची भांडणं माझ्याकडे येतात. न्यायाधीश झालो तेव्हा तर दोन सख्खे भाऊ फ्लॅटच्या वाटणीची कागदपत्रं घेऊन आले होते. आणि मी कोणालाही निराश करत नाही, हा माझा मूळ दोष आहे. माझी बायको सुनंदा निवृत्त शाळामास्तरीण. ती एकदा म्हणाली, "अहो, त्यांची जीभ बघून तुम्हाला काय कळलं?"

"लाल आहे," मी म्हटलं.

"मग त्यांना काय सांगितलंत?"

"पाणी भरपूर प्या."

त्यावर तिने कपाळाला हात लावला. पस्तीस वर्षांत माझ्या अभिनयाला घरून सर्वांत जास्त मिळालेली दाद तीच आहे.

आता केतकीबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं रामायण तिच्या लग्नात घडलं. केतकी ही सुनंदाच्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिचे आईबाप दोघंही नोकरीवर जाणारे, त्यामुळे सुट्टी लागली की ती घाटकोपरहून आमच्याकडे मुलुंडला यायची. तिला सायकल मी शिकवली, दाताचा पहिला डॉक्टर मी दाखवला. (खरा डॉक्टर.) आम्हाला मूलबाळ नाही. केतकी ही भाची खरी, पण मनात तिची जागा काय आहे ते मला माहीत आहे आणि तिलाही.

तिचं लग्न ठरलं चेंबूरच्या निनादशी. मुलगा शांत, चांगल्या नोकरीत. त्याची आई मात्र कडक शिस्तीची. आणि साखरपुड्याला मी माती खाल्ली.

झालं असं, की निनादच्या मावश्या माझ्याभोवती जमल्या. "डॉक्टरचं ते करून दाखवा ना, प्लीज." मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारायच्या आतच उठलो. चष्मा काढला, सुस्कारा सोडला, शेजारच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सॉरी. आम्ही खूप प्रयत्न केले." तो खांदा निनादच्या पंच्याऐंशी वर्षांच्या आजोबांचा होता. त्यांना कमी ऐकू येतं, पण एवढं नेमकं ऐकू आलं. ते ताडकन उभे राहिले आणि घरातली माणसं मोजायला लागले. आकडा जुळेपर्यंत ते खाली बसायला तयार नव्हते. त्यात एक नातू खाली गाडी लावायला गेलेला, त्यामुळे हिशेब फारच लांबला.

दुसऱ्या दिवशी केतकीचा फोन आला.

"काका, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"बोल की."

"माझ्या लग्नात तुम्ही काही करू नका."

"काही म्हणजे?"

"काही म्हणजे काहीच. डॉक्टर नको, जज नको, कोणी कितीही आग्रह केला तरी नको. निनादच्या आईंना आधीच वाटतंय की आपलं खानदान जरा फिल्मी आहे. तुम्ही फक्त काका म्हणून या. एवढं कराल ना माझ्यासाठी?"

मी शब्द दिला. फोन ठेवल्यावर मात्र मला जरा वाईट वाटलं. पस्तीस वर्षांत मला हजार कामं सांगितली गेली, पण 'तुम्ही तुम्हीच या' असं कोणी कधी म्हटलं नव्हतं, आणि ते जमेल की नाही याची माझी मलाच खात्री वाटेना.

लग्न घाटकोपर पूर्वेला, पहिल्या मजल्यावरच्या एका हॉलमध्ये. मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा. मी साधा पांढरा शर्ट घालून चौथ्या रांगेत बसलो होतो. मुठीत अक्षता, तोंडाला कुलूप. कोणी "अहो, तुम्ही ते हे ना?" म्हटलं की मी "नाही, मी केतकीचा काका" असं सांगत होतो. दोन बायकांचा विश्वास बसला नाही, पण मी ठाम राहिलो. सुनंदासुद्धा मला म्हणाली, "आज छान वागताय."

अकरा पस्तीसला माझा साडू प्रकाश, म्हणजे केतकीचे वडील, फोन कानाला लावून हॉलभर फिरताना दिसला. अकरा चाळीसला तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा पार उतरलेला.

"दादा, वाट लागली."

"काय झालं रे?"

"गुरुजी अडकलेत. सकाळी त्यांचं मुलुंडला एक लग्न होतं. तिथली वरात अजून नाचतेय म्हणे, आणि तिच्या मागे सगळा रस्ता जाम. गुरुजी गाडीत बसलेत आणि गाडी वरातीत."

लग्नसराई म्हटली की हे व्हायचंच. एका गुरुजींकडे दिवसाला तीन-तीन लग्नं असतात. प्रकाशने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून ढोल-ताशे आणि त्यावर ताण देऊन गुरुजींचा आवाज आला, "घाबरू नका हो. मुहूर्त चुकवू नका. मंगलाष्टकं कोणीही म्हटली तरी चालतात. मुहूर्तावर अंतरपाट दूर करा, हार घालून घ्या. सप्तपदी वगैरे बाकीचे विधी मी येऊन यथासांग करतो. आणि तुमच्याकडे ते मालिकेतले गुरुजी आहेत ना? मग काळजी कसली."

प्रकाशने माझ्याकडे बघितलं. मी सुनंदाकडे बघितलं. तिने माझं कोपर घट्ट धरलं.

"नाही म्हणा," ती हळूच म्हणाली.

"अगं, पोरीचा मुहूर्त आहे."

"तुम्हाला सगळी येतात का मंगलाष्टकं?"

"सुनंदा," मी दुखावल्या स्वरात म्हटलं, "वीस वर्षं म्हणतोय मी."

(वीस वर्षं मी फक्त पहिली तीनच म्हणत होतो. हे तुम्हाला आत्तापर्यंत कळलं असेल. मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. माणूस रोज ज्या रस्त्याने जातो तो रस्ता पुढे कुठे जातो हे त्याला ठाऊक असतंच असं नाही.)

आम्ही नवरीच्या खोलीत गेलो. केतकी सजून बसली होती, आणि फार सुंदर दिसत होती. प्रकाशने सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"काका, नक्की जमेल?"

"जमेल गं."

"निनादच्या आई म्हणतात, त्यांच्या घरात आजवर एकाचाही मुहूर्त टळलेला नाही. तुम्ही फक्त मंगलाष्टकं म्हणा. बाकी काही करू नका."

"बाकी काही नाही. शब्द."

इथपर्यंत माझी नियत साफ होती. पण खाली गाडीच्या डिकीत माझी एक पिशवी असते. त्यात धोतर, उपरणं, इन्स्पेक्टरच्या मिशा, स्टेथोस्कोप असं पोटापाण्याचं सामान असतं. शर्ट-पँटमध्ये मंगलाष्टकं म्हणणं बरं दिसेल का, एवढाच विचार मी केला. मग धोतर नेसलो. धोतर नेसल्यावर उपरणं आलं, उपरण्यामागोमाग गंध आलं, आणि हात मोकळा बरा दिसत नाही म्हणून पोथी घेतली.

मी हॉलमध्ये शिरलो आणि सगळा हॉल वळून बघायला लागला. नंतर एकदम मोबाइल वर आले. निनादच्या मावश्यांनी एकमेकींना ढोसलं. खुद्द निनादच्या आईंनी, ज्या साखरपुड्यापासून माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत होत्या, मला वाकून नमस्कार केला. मी हात वर करून "सौभाग्यवती भव" म्हणालो. चौथ्या रांगेतला काका तिथेच संपला.

अंतरपाट धरला गेला. एका बाजूला निनाद, दुसऱ्या बाजूला केतकी, दोघांच्या हातात हार. माझ्या हातात माइक. मी पहिलं मंगलाष्टक उचललं.

खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी फार उत्तम म्हटलं. आवाज असा लागला, की आतून केटररची माणसं झारा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. दुसऱ्या मंगलाष्टकाला प्रकाश डोळे पुसायला लागला. बॅंडवाल्याने क्लॅरिनेट ओठाजवळ नेऊन ठेवलं. बारा वाजून तीन मिनिटं झाली होती, सगळं वेळेत चाललं होतं. मी तिसरं मंगलाष्टक म्हटलं, शेवटचा सूर लांबवला आणि म्हणालो, "सावधान."

अक्षता पडल्या. माझं तोंड तसंच उघडं राहिलं, मान हळूच वर गेली आणि मी दाराकडे बघितलं.

मी हे मुद्दाम केलं नाही. कोणाचीही शपथ घ्यायला तयार आहे. शिंक आल्यावर डोळे मिटतात तसं ते झालं. पण हॉलमधली तीनशे माणसं वीस वर्षं मालिका बघत आलेली. गुरुजींची मान वळली की त्याचा अर्थ काय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. तीनशे माना दाराकडे वळल्या. व्हिडिओ शूटिंगवाल्याने नवरा-नवरीला सोडून कॅमेरा दारावर नेला.

दार बंद होतं.

"कोण येतंय?" मागून कोणीतरी विचारलं.

"असणार कोणीतरी. त्याशिवाय ते थांबणार नाहीत."

"मुलाचं असणार काहीतरी. मुलीकडचे तर ते स्वतःच आहेत. त्यांना कुणकुण लागली असेल."

हे सगळं मला ऐकू येत होतं, पण कट कोणी म्हणत नव्हतं. आणि कट म्हटल्याशिवाय मान खाली घ्यायची नाही, ही शिस्त माझ्या हाडात मुरलेली. मी दाराकडे बघतच राहिलो. निनादच्या आई पुढे झुकल्या.

"निनाद, कोण आहे?"

"कोणी नाही गं आई."

"मग तुला घाम का फुटलाय?"

"गरम होतंय."

"एसीच्या खाली उभा आहेस तू."

आणि दार उघडलं.

दारात एक तरुण बाई उभी होती. केस विस्कटलेले, धापा टाकणारी, कडेवर दोन वर्षांचं मूल. तिने स्टेजकडे बघितलं आणि सगळा हॉल ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "ए निनाद, थांब ना यार! माझ्याशिवाय कसं काय लग्न करतोयस?"

निनादच्या आई मटकन खुर्चीत बसल्या. आजोबांनी शेजारच्याला विचारलं, "आता कोण गेलं?" अंतरपाटाचं एक टोक निनादच्या मामाच्या हातून सुटलं. केतकी तेवढी जागची हलली नाही. तिने अंतरपाटावरून सरळ निनादकडे बघितलं.

"कोण आहे ती?"

"अगं, आमच्या ऑफिसच्या राधिका मॅडम. तूच त्यांच्या पत्रिकेवर नाव लिहिलंस."

"आणि कडेवर?"

"त्यांचाच मुलगा. त्यांचा आणि त्यांच्या नवऱ्याचा."

नवरा मागोमाग आलाच. त्याच्या दोन्ही हातांत मिक्सरचा रंगीत कागदात बांधलेला खोका होता. "सॉरी हां," तो सगळ्यांकडे बघत म्हणाला, "पार्किंगच मिळेना." राधिका मॅडमनी विचारलं, "काय झालं? सगळे असे का बघताय?" कोणीतरी त्यांच्या हातात अक्षता दिल्या आणि हॉलने श्वास सोडला. मागच्या रांगेतल्या दोघी जरा हिरमुसल्या.

"चला गुरुजी," निनादचा मामा घड्याळ बघत म्हणाला, "बारा पाच झाले. पुढे म्हणा."

मी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. चौथं मंगलाष्टक मनात शोधलं. तिथे काहीच नव्हतं. तिसऱ्याच्या पुढे माझ्या डोक्यात फक्त दार होतं. मी घाईघाईने पोथी उघडली. ती आमची शूटिंगची पोथी. वरचं एक पान छापील, बाकी कोरी रद्दी. मध्ये मागच्या मालिकेचा एक कागद राहिला होता आणि त्यावर लिहिलं होतं: 'गुरुजी चमकून दाराकडे बघतात.'

"काका," केतकी पलीकडून कुजबुजली, "पुढे म्हणा ना."

"पुढचं येत नाही गं."

"म्हणजे?"

"पुढे मी कधी गेलोच नाही."

तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. त्यात राग नव्हता. सायकल शिकताना मी मागून हात सोडलाय हे कळल्यावर ती वळून जशी बघायची, तशी बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोबाइलवर शोधावं तर माझा मोबाइल शर्टाच्या खिशात आणि शर्ट गाडीच्या डिकीत. प्रकाश गुरुजींना फोन लावत होता, पण तिकडे ढोल वाजत होते. बारा वाजून सहा मिनिटं व्हायला आली होती. एवढ्या लग्नांत कोणी ना कोणी येऊन मला पुढच्या ओळीतून सोडवलं होतं. इथे सोडवणारी येऊन अक्षता हातात घेऊन बसली होती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून माझ्या सासूबाईंचा आवाज आला. त्या ब्याऐंशी वर्षांच्या, मूळच्या मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते तेव्हापासून मुंबईत असूनही त्यांनी आपली बोली सोडलेली नाही.

"काय झाला गो? जावयबापू कित्याक गप रवले?"

"आई, ह्यांना पुढचं येत नाही," सुनंदाने सांगितलं.

"येणा नाय? मगे इतकी वर्सा टीवीत काय करतत?"

सासूबाई काठी टेकत स्टेजवर आल्या, माझ्या हातातून माइक घेतला (मी तो लगेच सोडला) आणि सरळ म्हणायला लागल्या. चाळीतल्या कितीतरी पोरींची लग्नं त्यांनी अशीच म्हणून लावली होती. आवाज थरथरणारा, चाल त्यांच्या गावची, पण एक अक्षर इकडचं तिकडे नाही. दुसऱ्या ओळीला सुनंदाने सूर धरला, मग केतकीच्या आईने, मग निनादच्या मावश्यांनी. शेवटी निनादच्या आईही उठून त्यात मिसळल्या. सासूबाईंनी मधली कडवी सोडून थेट शेवटचं उचललं होतं, कारण घड्याळ बघण्याची अक्कल त्या घरात त्यांनाच होती. बारा वाजून सात मिनिटांनी त्या म्हणाल्या, "सावधान." अंतरपाट दूर झाला, बॅंड वाजला, हार पडले.

मी बाजूला उभा राहून, धोतराचा सोगा सावरत, मुठीतल्या अक्षता टाकल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते अभिनयाचं नव्हतं. ग्लिसरीन पिशवीतच राहिलं होतं.

खरे गुरुजी साडेबाराला आले, गुलालाने माखलेले. त्यांनी होम, सप्तपदी सगळं यथासांग केलं. नंतर मला शोधत आले. मला वाटलं, आता कानउघाडणी. तर त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "एक सेल्फी हवा होता. आमच्या घरी तुमचीच मंगलाष्टकं आवडतात हो. ही मला नेहमी म्हणते, तुम्ही असं जरा भावनेनं म्हणत जा." मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. फोटोत बघणाऱ्याला मी गुरुजी वाटतो आणि ते रंगपंचमी खेळून आलेले पाहुणे.

जेवायला मी कोपऱ्यातल्या टेबलावर एकटाच बसलो. पुढ्यातली जिलबी तशीच होती. एकच गोष्ट मागितली होती पोरीने, आणि तीही मला जमली नाही. मोठा चरित्र अभिनेता! एवढ्या लोकांचं चरित्र वठवलं आणि काका वठवता आला नाही. सुनंदा शेजारी येऊन बसली. तिने माझ्या वाटीत मठ्ठा वाढला.

इतक्यात केतकी आणि निनाद नमस्काराला आले.

"बाळा, चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकलंच," केतकी म्हणाली. आणि मग तिला हसू आवरेना. ती इतकी हसली, की तिच्या मुंडावळ्या तिरक्या झाल्या. "काका, मी ह्याला सहा महिने विचारतेय, आधी कोणी होतं का रे तुझं? हा नुसता नाही म्हणायचा. माझा अर्धाच विश्वास होता. आज सगळ्यांसमोर दार उघडलं आणि आलं कोण, तर मिक्सर."

"मग तू घामाघूम का झालास रे?" मी निनादला विचारलं. हे मलाही कळलं नव्हतं.

तो खाली बघत म्हणाला, "काका, तुम्ही तिचे ना. तुम्ही दाराकडे बघितलंत तेव्हा मला वाटलं, केतकीचं कोणीतरी येतंय. म्हटलं, गेली आता ही. म्हणून तो घाम."

केतकीचं हसणं थांबलं. तिने त्याच्याकडे बघितलं, त्याचा हात धरला आणि मला म्हणाली, "जिलबी खा काका." मी चार खाल्ल्या. पलीकडे निनादच्या आई दोन-चार बायकांना सांगत होत्या, "अहो, दार सताड उघडलं होतं. तरी माझ्या मुलासाठी कोणी म्हणून कोणी आलं नाही."

निनादच्या एका मावशीने ती क्लिप काढलीच होती. माझं उघडं तोंड, तीनशे माना, मग दार. संध्याकाळपर्यंत ती दोन्ही घरांच्या ग्रुपवर फिरली आणि आठवड्याभरात चेंबूरपासून देवनारपर्यंत ज्या घरात लग्नाची मुलगी होती त्या प्रत्येक घरात पोहोचली.

तीन महिन्यांनी निनादच्या आईंचा फोन आला. त्यांच्या पुतणीचं लग्न होतं, चेंबूरलाच. "नक्की या बरं का. आमचे गुरुजी जवळच राहतात, चालत येणार आहेत. तुम्ही फक्त जेवायला या." हे 'फक्त' त्यांनी फार प्रेमाने उच्चारलं.

मी गेलो. पिशवी घरी ठेवली. सुनंदाने मला अगदी शेवटच्या रांगेत, दाराकडे पाठ करून बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. पहिलं मंगलाष्टक झालं, दुसरं झालं. तिसरं सुरू झाल्यावर मी मान खाली घातली आणि बुटांच्या नाड्यांकडे बघत बसलो. "सावधान" ऐकू आलं. मी हललो नाही. मनात म्हटलं, जमलं.

पण चौथं मंगलाष्टक काही सुरू होईना. मी हळूच वर बघितलं. नवरा, नवरी, अंतरपाट धरलेले दोघं, निनादच्या आई आणि मंडपातली झाडून सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

गुरुजींनी माइक तोंडाजवळ घेतला.

"काका, कोणी येतंय का, की लावून टाकू?"